मायला दाखवलेली थंडी

"तुनी ती थंडी माले एकदाव दखाड," माय म्हणाली.

जळगावातली वैशाखाची दुपार. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, कूलर नुसता गरम वारा ढकलत होता आणि माय ओला पदर मानेवर टाकून फरशीवर बसली होती. मला वाटलं, उन्हानं जीव कातावलाय म्हणून बोलते आहे. मी म्हटलं, "थंडी काय कपाटमा घडी करीसन ठेयेल शे का माय, काढीसन दखाडाले?" एरवी हसली असती. आज हसली नाही. "तू थंडा गोदाममा काम करस ना? मंग मालेबी तठे लई चाल," म्हणाली आणि उठून चपला शोधायला लागली.

तिला कुठली थंडी बघायची होती ते मला कळत होतं. मागचं वर्षभर मी पृथ्वीच्या पार बुडाशी होतो, बर्फावरच्या एका संशोधन केंद्रात. शास्त्रज्ञ म्हणून नाही हो, जनरेटर सांभाळायला. पिंपळनेरकडचा माणूस तिथे जाऊन काय करतो, असं लोक अजून विचारतात. इथे करतो तेच करतो, ऑइल बदलतो. तर मी तिथे असताना, आषाढात, आबा गेले. माझे वडील. आणि मला अजून रडू आलेलं नाही.

फाल्गुनात मी परत आलो आणि मायला इथे जळगावला घेऊन आलो. तेव्हापासून माय माझ्या डोळ्यांकडे बघते, चुलीवर दूध ठेवलेली बाई भांड्याकडे बघते तशी. आषाढात आबांचं वर्षश्राद्ध येईल. त्याच्या आत मुलानं बापासाठी एकदा तरी रडावं, एवढंच तिचं म्हणणं. तोंडानं ती ते कधीच बोलली नाही. पण जेवायला वाढताना, मी झोपून उठल्यावर, आबांचा फोटो पुसताना तिची नजर हळूच माझ्याकडे वळते आणि काही नाही असं बघून परत जाते. मला त्याची लाज वाटायला हवी. तीही वाटत नाही, हीच तर गोम आहे.

पहिल्यांदा मी तिला असोद्याला नेलं. तिथल्या केळीच्या गोदामातली मशीन मीच बघतो. दार उघडल्याबरोबर कच्च्या केळीचा हिरवा, चिकासारखा वास आला. माय कॅरेटच्या रांगांमधून शेवटपर्यंत चालत गेली, परत आली, आणि बाजारात वांगं दाबून परत टोपलीत टाकावं तसं तोंड करून म्हणाली, "हाई काय थंडी शे? पौषमा आपला मळामा यान्हाथून जास्त थंडी पडस." केळीवाला हसून लोटपोट. "मावशी, केळीले यान्हापेक्षा जास्त थंडी दिधी तर काळी पडी जाईन," तो त्याच्या बोलीत म्हणाला. "मंग आठे काय कामनं," म्हणून माय मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली.

मग एमआयडीसीतल्या आइस्क्रीमच्या गोदामाकडे आलो. तिथली थंडी मात्र खरी, उणे अठरा. पण वॉचमन जेवायला गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात. माय भिंतीच्या सावलीत बसली. मी शेजारी बसलो. लाइट गेलेली होती, त्यामुळे बाजूचा जनरेटर धडधडत होता आणि डिझेलचा गरम वास अंगावर येत होता.

बर्फाला वास नसतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. माणूस थंडीची तयारी करून जातो, अंधाराची करून जातो, पण वास जाईल हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माती नाही, गवत नाही, ओलं शेण नाही, पाऊस नाही. दार उघडून बाहेर गेलं की नाकाला धरायला काही सापडत नाही. पहिले काही आठवडे मी उगाच नाक ओढत फिरायचो. डॉक्टरला वाटलं मला सर्दी झाली.

एकच वास होता, डिझेलचा. तो माझ्या खोलीत, माझ्या स्वेटरला, माझ्या नखांत. बाकीचे नाक मुरडायचे. मला तो वास म्हणजे आबा. आबा अख्ख्या पंचक्रोशीची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. घरी आले की हात रॉकेलनं धुवायचे, मग राखेनं, मग साबणानं, आणि तरी भाकरीच्या घासाला डिझेलचा वास राहायचा. मी लहानपणी त्यांच्याच ताटात जेवायचो. भाकरी अशीच लागते असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

इंजिन बिघडलं की आबा ते आधी खोलायचे नाहीत. लांब पेचकस घ्यायचे, टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे. मग पेचकस माझ्या कानाला लावायचे. "ऐक. आते हाई हासी ऱ्हायनं." दुसरीकडे टेकवायचे. "आते हाई खोकली ऱ्हायनं." मळ्यात सगळीकडे गहू, पाटाचं पाणी, बगळे, आणि मी त्या लोखंडाच्या पोटातलं हसणं नि खोकणं ऐकत उभा. मळा आता पुसट झालाय, तो आवाज मात्र अजून कानात आहे.

केंद्रावरही आम्ही आवाजावरच जगायचो. हिवाळ्यात सूर्य उगवायचाच बंद होतो. दुपारी क्षितिजावर जरा तांबूस उजाडल्यासारखं होतं आणि मिटतं. मग दिवस कशावरून ओळखायचा? चहाच्या वासावरून, आणि कुणाची झाडलोटीची पाळी आहे त्यावरून. तिथे साहेब नाही नि शिपाई नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ पाळीनं संडास धुवायचे, भांडी घासायचे. हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला की चटकन शॉक बसायचा. आम्ही दार उघडण्याआधी शिवी घालून घ्यायचो. आणि या सगळ्याखाली चोवीस तास जनरेटर. तो चालू असताना कुणाला ऐकू यायचा नाही. आवाज जरा बदलला की गाढ झोपलेली माणसंसुद्धा उठून बसायची, मोजे घालायची, आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहायची. "भाई, ठीक है ना?" ठीकच असायचं. तो बंद पडला असता तर आम्ही बर्फाच्या पेटीतले मासे झालो असतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

आचारी बिश्तजी, कुमाऊंचे. मी घरून काळा मसाला आणि भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ नेलं होतं. मायनं पोत्यासारखं शिवून दिलेलं. पहिल्यांदा मसाला परतला तेव्हा बिश्तजी शिंकत शिंकत बाहेर गेले आणि तिथून ओरडले, "तुम्हारे यहाँ खाना बनता है कि बारूद?" मी म्हटलं, बारूद आमच्याकडे वरणगावच्या कारखान्यात बनते, हे नुसतं वांग्याचं भरीत. ती वांगी गोठवलेली, उन्हाळ्यात जहाजानं आलेली. पण मसाल्याचा वास घरभर झाला, आणि बर्फाच्या कसल्याशा नळकांड्या मोजणारा एक बंगाली पोरगा माझ्या पाठीमागे येऊन नुसता उभा राहिला. दोन भाकरी खाल्ल्या आणि गेला.

रविवारी घरी फोन. पाळीपाळीनं मिळायचा. आबा तब्येत विचारायचे नाहीत, थंडी विचारायचे नाहीत. "इंजिनना आवाज ऐकाड," म्हणायचे. मी फोन जनरेटरच्या दाराशी धरायचो. पलीकडे पिंपळनेरला आबा डोळे मिटून ऐकत असणार. मग म्हणायचे, "बेस शे. दमदार शे. टॅपेट एकदाव देखी ले." आणि फोन मायला द्यायचे. आमचं बापलेकांचं बोलणं म्हणजे एवढंच. ते कमी होतं असं मला कधी वाटलं नाही.

आषाढात आबा फोनवर यायचे बंद झाले. "आबा साक्रीले गयात, इंजिन देखाले." "आबा आत्तेच झोपनात." "आबासनं कान दुखी ऱ्हायनं." माय सांगायची तसं मी ऐकायचो. एक शंका मनात आली नाही. बिश्तजी म्हणाले होते, घरचे सगळं सांगत नाहीत, त्यांच्या आवाजावर लक्ष ठेव. मी ठेवलं. मायचा आवाज खणखणीत होता. उलट ती स्वतःच म्हणायची, "इंजिनना आवाज ऐकाड, आबाले सांगसू." मी इमानेइतबारे फोन घेऊन जनरेटरजवळ जायचो आणि बराच वेळ धरून ठेवायचो.

अक्का, माझी मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. नंतर तिनं मला सांगितलं. न कळवायचं ठरवलं ते मायनं आणि तिनं मिळून. हिवाळ्यात तिथून ना विमान निघतं ना जहाज. पोरगा येऊ शकत नाही, मग सांगून त्याला त्या अंधारात कोंडायचं कशाला? अग्नी चुलतभावानं दिला. अक्कानं दिल्लीच्या ऑफिसातून आमच्या केंद्राचे प्रमुख, लीडरसाहेब, यांचा नंबर मिळवून त्यांच्या कानावर घातलं, आणि सांगू नका म्हणून हात जोडले. आणि तो इंजिनाचा आवाज? अक्का म्हणाली, "तेवढा वेळ मायला बोलावं लागायचं नाही ना."

श्रावण आला. म्हणजे तिथे श्रावण कसला, सूर्य तेवढा परत आला होता. टेबलावरच्या पंचांगात बघितलं, नागपंचमीनंतरचा रविवार. कानबाईचा रविवार.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई समजावणं अवघड. नारळाची देवी. नारळाला डोळे, नाक, नथ, कपाळाला मळवट, चौरंगावर बसवायची. घरं पोतारून घ्यायची, बाहेरगावी गेलेले सगळे परत यायचे, सुरत-नाशिकहून बसा भरभरून. त्या दिवशी आमच्या गल्लीत सारवलेल्या जमिनीचा, तळणाचा, नव्या लुगड्यांच्या खळीचा वास एकत्र व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया कानबाई डोक्यावर घेऊन नाचत पांझरेवर जायच्या, फुगड्या घालत, आणि नदीला पाणी असो नसो, एक डोह तरी गाठायच्याच.

आणि रोट, कानबाईचा नैवेद्य. रोटाचे गहू मोजून घेतात, पण मापानं नाही, मुठीनं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्या घरात दोनच नावं, आबा आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं, अजूनही व्हायचंच आहे, असो. आबा स्वतः मूठ भरायचे. त्यांची मूठ मोठी, बोटांच्या भेगांत काळं तेल, त्यातून पिवळे गहू सुपात पडायचे. त्यांची भरली की माझी. मी लहान असताना माझ्या मुठीवर ते आपली मूठ ठेवायचे, म्हणजे दाणे सांडू नयेत. तो रोट घरच्यांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही आणि उरवायचाही नाही. ज्याच्या नावाची मूठ, तो जिवंत आहे, घरचा आहे, हे देवीला सांगणं असतं ते.

तर मी ठरवलं, इथे कानबाई बसवायची. लीडरसाहेबांना विचारायला गेलो. ते तमिळ गृहस्थ, फार मोजकं बोलणारे. मी सगळं हौसेनं सांगितलं, घरी आबा कशी मूठ भरतात तेही. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "करो," म्हणाले. "अच्छे से करो." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात वर्षभर कानबाई बसत नाही? एवढं मात्र सांगितलं, की बर्फात काही टाकायचं नाही, पुरायचं नाही, सोडायचं नाही. इथला नियम आहे. आलेली प्रत्येक वस्तू परत जाते.

हे विसर्जनाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता बोंबला. पण म्हटलं, बघू पुढचं पुढे.

भांडारातला नारळ आणला, गोठलेला, दगडासारखा. डोळे मार्करनं काढले. नथ तांब्याच्या तारेची. गहू नव्हते, म्हणून कणीकच घेतली. पहिली मूठ आबांची, नाव घेऊन. मग माझी. बिश्तजींनी कढई दिली आणि स्वयंपाकघराचा ताबा सोडला, ही त्यांच्याकडून फार मोठी गोष्ट. सगळ्यांनी आरती केली, कुणाला शब्द येत नव्हते, तरी टाळ्या वाजवल्या. प्रसादाला वेगळा शिरा केला होता. रोट मी एकट्यानं खाल्ला. माझा आणि आबांचा. बिश्तजी म्हणाले, "हमको नहीं दोगे?" मी म्हटलं, "नहीं भाई, घरवालों का है." त्यांना काही वाईट वाटलं नाही. उलट ते समोर बसून मला पुरं करायला लावत होते, पोट फुटायची वेळ आली तरी. मी हसत होतो. तिथल्या वर्षात मी इतका खूश कधी नव्हतो.

मग फोन केला. रविवारच होता. "माय, मी आठे कानबाई बसाडी!"



"बसाडी?" माय म्हणाली. "कोनी सांगं तुले?"

"कोनी नही. मीच. रोटबी करा."

"मुठी कितल्या टाक्यात?"

"दोन. पहिली आबानी."

"खादी?"

"हो. त्यासनीबी मीच खादी. आठे आनखी कोन शे?"

मागे अक्काचा आवाज आला, "नको माय, नको सांगू." आणि मग माय म्हणाली, वीज गेली, पाणी आलं, असं सांगतात त्याच आवाजात: "तुना आबा गयात, भाऊ. आषाढमाच गयात. त्यासनी मूठ टाकानी नव्हती." आणि लगेच, "तुनी काही चूक नही. आम्हीच सांगं नही. जेवन करी लेजो." फोन अक्कानं घेतला. ती रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नको, खर्च होतो आहे.

असं म्हटलं मी. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी दुरून सांगत नाहीत. बाहेरगावाहून पोरगा आला की त्याला दारात गाठायचं, गळ्यात पडायचं, आणि मग सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला उभं राहायला काहीतरी धरायला असतं. मी फोन जागेवर ठेवला आणि माझी पाळी होती म्हणून जेवणघर झाडायला गेलो. पोटात रोट होता. दुसऱ्या दिवशी ऑइल बदललं. टॅपेटही बघितले.

बिश्तजींनी माझं डोकं भादरलं. क्रिया घरी झालेली होती, पण केस तरी द्यायला हवेत असं त्यांना वाटलं. मलाही चालेल असं वाटलं. मशीनच्या पात्याचा कानाजवळ आवाज येत होता, आणि तो जरा खोकतो आहे, याला तेल हवं, असं माझ्या मनात येत होतं. केसदेखील तिथे टाकता येत नाहीत. पिशवीत भरून, चिठ्ठी लावून, परत जाणाऱ्या कचऱ्यात ठेवले. कानबाईचा नारळ मी स्वेटरमध्ये गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला. पुढे घरी आल्यावर पांझरेच्या डोहात सोडला. बुडाला नाही, नारळ कुठे बुडतो. वाहत्या पाण्यानं हळूहळू नेला.

त्यानंतरचे महिने मला सांगता येतील, पण सांगण्यासारखं काही नाही. वादळं आली. दोन इमारतींमध्ये बांधलेल्या दोराला धरून आम्ही जायचो. पक्षी परत आले, तपकिरी, भांडकुदळ. लीडरसाहेब रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायला लागले. एकदा "सॉरी" म्हणाले, मी "कोई बात नहीं" म्हटलं. डॉक्टर विचारायचा, झोप लागते? लागायची. भूक लागते? लागायची. सगळं लागायचं. आत फक्त कुणीतरी बोर्डावरचं बटण बंद केलं होतं. रविवारी मी फोन करायचो, मायची ख्यालीखुशाली विचारायचो, ती माझी विचारायची. इंजिनाचा आवाज मग कुणी मागितला नाही.

परतीला जहाज बंदराला लागलं तेव्हा वाऱ्यावर पहिल्यांदा मातीचा वास आला. शेजारी बिश्तजी कठडा धरून ढसाढसा रडले. गवत, झाडं, कुजका पाला, सगळा एकदमच आला. मी वास घेतला. छान होता.

घरी पोचलो तर दारात बाया जमलेल्या. रीतच ती. मी बॅग घेऊन फाटकातून आत आलो आणि एकीनं हेल काढला, मग सगळ्यांनी. मला कळत होतं, आता माझं काम आहे. मी उभा राहिलो. राहिलो. शेवटी म्हटलं, "पाणी मिळेल का?" हेल एकेक करून थांबले. नंतर गल्लीत बोलणं झालंच, बर्फात राहून याचं काळीज गोठलं म्हणून. माय आतल्या दारात उभी होती. कुंकू नसलेलं कपाळ मी प्रथमच बघत होतो. माझ्याकडे जरा वेळ बघून ती म्हणाली, "हातपाय धुई ले. जेवाले बस."

गोदामाचा वॉचमन दात कोरत आला. "मावशीला कशाला आत नेता भाऊ, गारठा बाधेल," म्हणाला. मी कामगारांचं जाड जाकीट मायच्या लुगड्यावर चढवलं. बाह्या तिच्या गुडघ्यापर्यंत आल्या. त्यानं जड दार ओढलं, आम्ही आत गेलो, दार मागे लागलं.

पांढरा दिवा, छतापर्यंत खोके, पंख्यांची घरघर. तोंडातून वाफ आली तशी मायनं हातानं ती चाचपून बघितली. भिंतीवरचं बर्फ नखानं खरवडलं. मग बराच वेळ नुसती उभी राहिली, अंगावर थंडी येऊ देत. कुडकुडायला लागली तरी हलेना.

"आशी?"

"यान्हाथून भलती, माय. आठे वारा नही शे."

तिनं मान हलवली. हिशोब जुळावा तशी. "मंग बराबर शे," म्हणाली. "तठे रडू कसं येई? पानी डोयामाच गोठी जाई."

ती मला सोडवत होती. माझ्यासाठी कारण शोधत शोधत ती इथवर आली होती, आणि आता ते तिला या आइस्क्रीमच्या गोदामात सापडलं होतं. गावात जाऊन तिनं हेच सांगितलं असतं आणि विषय संपला असता. नुसतं हो म्हणायचं होतं मला.

"नही माय," मी म्हटलं. "खोलीमा हीटर व्हता. आम्ही बनियनवर ऱ्हाऊत."

"मंग?"

"माले काय माहीत. नही उनं."

पंखे फिरत होते. माय माझ्याकडे बघत नव्हती, खोक्यांकडे बघत होती.

"मालेबी नही उनं," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. "काय नही उनं?"

"रडू. दर रईवारले तुना फोन ये. रडेल गळा तू लगेच वळखी लेता. म्हनीसन मी रडनूच नही. बठ्ठ्या बाया रडन्यात, मी त्यास्ले पानी देत बसनू. तुले सांगं तवयबी दाबी धरं. म्हनं, पोऱ्या येवू दे, मंग दोन्हीजन रडसूत." तिचे दात वाजत होते. "तू उना. आन तूबी तसाच उना."

मी समजत होतो ती माझं रडू बघायला थांबली आहे. तिचंच अडकून पडलं होतं, इतके महिने, माझ्यापायी. मी तिथे उबेत बसून तिचा खणखणीत आवाज ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, घरी सगळं ठीक आहे. मी "माय" एवढंच म्हणालो.

बाहेरून वॉचमननं दारावर थाप मारली. "झालं का भाऊ?"

"थांब रे जराखं," माय आतून ओरडली. मग त्या लोंबत्या बाह्या सावरत ती माझ्याजवळ आली, टाचा उंचावून माझ्या गळ्यात पडली, आणि तिच्या पोटातून तो हेल निघाला, दारात उभ्या राहिलेल्या मुलासाठी काढतात तो.

"तुना आबा गयात रे भाऊ… आपला आबा गयात रे…"

"कवय माय?" मी विचारलं. "कवय गयात?" आणि पुढचं मला बोलता येईना.